गाडीवरची सोलर प्लेट वाढवण्याआधी बॅटरीची नाडी पाहा



गेल्या पंधरवड्यात आपल्या कार्यक्रमात गाडीवरच्या सोलर प्लेटबद्दल बोलणे झाले. त्यानंतर आलेल्या पत्रांत बहुतेकांची एकच तक्रार होती, की आकडे भराभर सांगितले, लिहून घेता आले नाहीत. तक्रार रास्त आहे. म्हणून तोच विषय या पत्रिकेत सावकाश मांडत आहोत. ही पत्रिका गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी आणि प्लेट किंवा बॅटरी घ्यायला दुकानात जाताना बरोबर न्यावी.

विषय तसा तुमच्या घरचाच आहे. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ साली आणि भाजीपाला व फळांचा १९९६ साली मुंबईतून नवी मुंबईत, तुर्भ्याला आला. तेव्हापासून जुन्नर, नाशिक, सातारा भागातून माल घेऊन निघालेल्या कितीतरी शेतकऱ्यांची रात्र तुर्भे, सानपाडा, जुईनगरच्या आसपास गाडीतच जाते. माल सोडून जाता येत नाही, म्हणून गाडीतच आडवे व्हायचे. खाडी जवळ, त्यामुळे हवा दमट, आणि डास विचारू नका. पंखा लागतो, दिवा लागतो, फोन चालू ठेवावा लागतो. हे सगळे गाडीच्या बॅटरीवर चालवले की पहाटे सेल्फ मारत नाही. यावर उपाय म्हणून टपावर सोलर प्लेट आणि आत वेगळी बॅटरी बसवण्याची पद्धत पडली. परदेशात हौशी लोक ट्रकच्या पाठीवर खोली बांधून महिनोन्‌महिने हिंडतात, तेही याच रीतीने दिवे-पंखे चालवतात. त्यांची हौस, आपली गरज. विजेचा हिशेब मात्र दोघांनाही सारखाच लागू.

एका श्रोत्याची गोष्ट

आलेल्या पत्रांत जुन्नर भागातल्या एका श्रोत्याचे पत्र सर्वांत उपयोगी वाटले. नाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही.

त्यांची पिकअप गाडी आहे. जुईनगरला मेव्हणा राहतो. संध्याकाळी गाडी त्याच्या इमारतीजवळ लावायची, जेवायचे, हौद्याच्या पुढच्या भागात फळीवर अंग टाकायचे आणि रात्री तीनला बाजाराकडे निघायचे, हा त्यांचा चार-पाच वर्षांचा परिपाठ. टपावर १०० वॅटची प्लेट, सीटखाली साधा कंट्रोलर, आणि गाडीतून काढलेली जुनी बॅटरी. पहिली दोन वर्षे बरी गेली. मग पंखा मध्यरात्रीच मंदावू लागला. कोणीतरी सांगितले, “काका, प्लेट जुनी झाली, मोठी घ्या.” त्यांनी ३३० वॅटची प्लेट आणून बसवली. आठ दिवस बरे वाटले, पुन्हा तेच रडगाणे. मग जुन्या बॅटरीच्या शेजारी एक नवी बॅटरी जोडली. महिना-दीड महिन्यात नवीनेही मान टाकली.

आणि श्रावणातली एक रात्र आली. गाडीत कोथिंबीर. रात्री नऊलाच पंखा थांबला. त्यांनी पंखा आणि हौद्यातला जुना पिवळा बल्ब गाडीच्याच बॅटरीवर घेतला. झोप लागली, बल्ब विझवायचा राहून गेला. गाडीची बॅटरीही काही नवी नव्हती. तीन वाजता किल्ली फिरवली तर नुसते टकटक. मेव्हण्याला उठवले, चार माणसे धक्का मारायला लागली, पण मालाने भरलेली गाडी हलते कुठे? जंपर वायर मिळून गाडी सुरू व्हायला पाच वाजून गेले. बाजारात पोहोचले तेव्हा भाव उतरला होता आणि जुड्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. “प्लेटला आणि बॅटरीला घातलेल्या पैशांपेक्षा ती एक सकाळ जास्त दुखली,” असे ते लिहितात.

आता यात चूक कुठे झाली? प्लेटमध्ये नव्हती. १०० वॅटची जुनी प्लेट त्यांच्या गरजेला कोरड्या हंगामात पुरत होती. दुखणे बॅटरीचे होते आणि औषध प्लेटला दिले गेले. हीच चूक आम्हाला पत्रागणिक दिसते, म्हणून ही पत्रिका काढली.

आधी खर्च मोजा

विहिरीवर नवी मोटर बसवण्याआधी आपण पाणी किती लागते ते पाहतो. इथेही तसेच. प्लेट म्हणजे विहिरीचा झरा, बॅटरी म्हणजे टाकी आणि पंखा-दिवे म्हणजे पाट. झरा कितीही मोठा केला तरी टाकी फुटकी असेल तर पाट कोरडाच राहणार.

मोजायची रीत सोपी. वीस वॅटचा पंखा एक तास चालला की वीस वॅट-तास वीज खर्च झाली. घरच्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे असे एक हजार वॅट-तास. आमच्या श्रोत्यांचा एका रात्रीचा खर्च पाहा. २० वॅटचा १२ व्होल्टचा पंखा आठ तास, म्हणजे १६०. पाच-पाच वॅटचे दोन एलईडी दिवे तीन तास, म्हणजे ३०. तीन फोन, प्रत्येकी सुमारे १५ धरून ४५. बेरीज २३५, म्हणजे युनिटचा पाव हिस्सासुद्धा नाही. बॅटरी भरताना आणि उपसताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून चौथा हिस्सा वर धरावा. म्हणजे रोज साधारण ३०० वॅट-तास आत यायला हवेत.

फवारणीचा बॅटरीपंपही याच प्लेटवर भरायचा असेल तर तो मिळवावा. १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाच्या पंपाला एका भरणीस सुमारे १०० वॅट-तास लागतात. गाडी घरी उभी असेल तेव्हा हे काम बिनखर्चात होते. जुना पिवळा बल्ब मात्र काढून टाकावा. २१ वॅटचा तो बल्ब रात्रभर चालला तर पंख्याइतकी वीज एकटाच पितो.

कोणी विचारतील, एसी चालेल का? १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. तो इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद करून रात्रभर बॅटरीवर एसी चालवायचा तर काही युनिटे लागतील, आणि तेवढी वीज साठवणारी बॅटरी पिकअपवाल्याच्या खिशाला झेपणारी नाही. पंख्यावर भागवावे.

बैल ओळखून जुंपा

गाडी सुरू करणारी बॅटरी आणि रात्रभर पंखा चालवणारी बॅटरी दिसायला सारख्या, पण जात वेगळी. पहिली म्हणजे शर्यतीचा बैल. क्षणभर प्रचंड जोर लावते, सेल्फ मारते आणि लगेच डायनॅमो तिला पुन्हा भरून टाकतो. तिच्यातले पत्रे पातळ असतात. तिला रोज रात्री निम्मी रिकामी केली तर थोड्याच महिन्यांत ती बसते. पंख्याला हवा औताचा बैल, सावकाश पण दिवसभर ओढणारा. जाड पत्र्यांची किंवा ट्युब्युलर जातीची डीप सायकल बॅटरी ती हीच. आमच्या श्रोत्यांनी शर्यतीचा बैल, तोही म्हातारा, औताला जुंपला होता.

जाड पत्र्यांच्या बॅटरीतलीही निम्मीच वीज वापरावी. १०० अँपिअर-तास लिहिलेले असेल तर ५० हातात धरावे. रोज तळ गाठला तर आयुष्य झपाट्याने घटते. वर सांगितलेला रात्रीचा खर्च १२ व्होल्टवर सुमारे २० अँपिअर-तास होतो. दोन रात्री ऊन मिळाले नाही असे धरले तर ४०. म्हणजे १०० अँपिअर-तासाची एक बॅटरी पुरेशी आहे. दोनशेची कोणी गळ्यात मारू लागला तर त्याला हा हिशेब दाखवावा.

तुमची सध्याची बॅटरी चांगली की वाईट, हे दुकानदाराला विचारण्याआधी घरी पाहता येते. मल्टिमीटर सगळ्या वीज-दुकानांत मिळतो. बॅटरी पूर्ण भरावी, तासभर नुसती ठेवावी आणि व्होल्ट पाहावेत. १२.७ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. आता तिच्यावर २० वॅटचा पंखा लावून घड्याळ बघा. अधूनमधून पंखा बंद करून, थोडे थांबून व्होल्ट मोजावेत. १०० अँपिअर-तासाची धड बॅटरी १२.२ वर यायला सुमारे तीस तास घेईल. आठ तासांतच आली, तर तिच्यात पाव हिस्साच जीव उरला आहे असे समजावे. मग प्लेट बदलून काहीही होणार नाही. आमच्या श्रोत्यांनी पत्र पाठवल्यानंतर ही परीक्षा केली. त्यांची जुनी बॅटरी पाच तासांत आडवी झाली.

आणि एक गोष्ट दोनदा सांगतो. जुन्या बॅटरीशेजारी नवी जोडू नये, नवी बॅटरी जुन्याशेजारी ठेवू नये. दोन्ही जोडल्या की नवीतली वीज रात्रभर जुनीत झिरपत राहते, आणि जुनी ती गिळून बसते. जोडायच्याच असतील तर एका दिवशी, एका कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या दोन घ्याव्यात.

लिथियम घ्यावी का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त आला. लिथियममध्येही जाती आहेत. गाडीसाठी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, जिला दुकानात एलएफपी म्हणतात. ती इतर लिथियम जातींपेक्षा उष्णतेला जास्त टिकते आणि भडका उडण्याचा धोका कमी. १०० अँपिअर-तासाची एलएफपी साधारण १२ किलो भरते. तेवढ्याच शिसे-आम्लाच्या बॅटरीचे वजन याच्या दुपटी-तिपटीहून कमी नसते. तिच्यातली ऐंशी टक्के वीज निर्धास्त वापरता येते, म्हणून आपल्या हिशेबाला ५०-६० अँपिअर-तासाची पुरते. पाणी घालायला नको, आम्ल सांडायला नको. भरण्या-उपसण्याचे हजारो फेरे ती सोसते.

तोटा किमतीचा. आमचे मत असे, की आठवड्याला दोन-तीन फेऱ्या असतील तर लिथियम परवडते. महिन्यातून एक-दोन फेऱ्या करणाऱ्याने साधी जाड पत्र्यांची बॅटरी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत वायरी चांगल्या टाकाव्यात.

लिथियम घेताना चार गोष्टी बघाव्यात. आत बीएमएस आहे का, म्हणजे जास्त भरणे आणि तळ गाठणे रोखणारी पाटी. पक्के बिल आणि लेखी हमी आहे का. जुन्या ई-रिक्षांतले सेल काढून नव्या डब्यात भरलेला माल स्वस्त मिळतो, तो घेऊ नये. आणि आपल्या कंट्रोलरवर लिथियमची सोय आहे का. शिसे-आम्लासाठीचा बराबर करण्याचा जादा दाब लिथियमला देऊ नये. आणखी एक, लिथियमचे व्होल्ट शेवटपर्यंत १३ च्या आसपासच राहतात आणि मग एकदम कोसळतात. त्यामुळे वर दिलेले १२.७ आणि १२.२ चे आकडे तिला लागू नाहीत. तिच्यासाठी आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा मीटर बसवावा.

मोठी प्लेट आणि छोटा कंट्रोलर

आता त्या ३३० वॅटच्या प्लेटचे काय झाले ते पाहू. कारण पैसे खरे तिथे बुडाले.

व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब आणि अँपिअर म्हणजे धार. जुनी १०० वॅटची प्लेट १८ व्होल्टच्या आसपास काम करते, १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच ती केलेली असते. घराच्या छपरावर बसवतात ती ३३० वॅटची प्लेट सुमारे ३७ व्होल्टवर काम करते आणि तिची धार असते ९ अँपिअर. साधा, पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर धार जशीच्या तशी पुढे सोडतो, पण दाब बॅटरीच्या दाबावर खाली ओढतो. म्हणजे ९ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, बरोबर ११७ वॅट. ३३० वॅटचे पैसे मोजले आणि भर दुपारी हातात आले ११७! उरलेली वीज टपावरच तापून गेली.

यावर तोड म्हणजे एमपीपीटी जातीचा कंट्रोलर. तो जादा दाबाचे धारेत रूपांतर करतो. त्याच प्लेटकडून तो चांगल्या उन्हात बॅटरीला वीसेक अँपिअर देतो. म्हणून ३० अँपिअरचा घ्यावा. घेताना त्याच्यावर लिहिलेला सर्वांत जास्त व्होल्टचा आकडा वाचावा. ३३० वॅटची प्लेट मोकळी असताना ४६ व्होल्टपर्यंत जाते. २५ व्होल्टची मर्यादा असलेल्या कंट्रोलरला ती लावली तर तो जळतो. आमच्या श्रोत्यांचा कंट्रोलर ५० व्होल्ट सोसणारा होता म्हणून वाचला.

जुनी १०० ची आणि नवी ३३० ची, दोन्ही एकाच कंट्रोलरला जोडावी का? नाही. एक १८ ची, दुसरी ३७ ची. शेजारी जोडल्या तर मोठी लहानीच्या दाबावर येते, एकापुढे एक जोडल्या तर लहानीच्या धारेवर. एक बैल चालीचा आणि एक अडेल, असे जू होते.

सौर कृषिपंपाच्या योजनेतली प्लेट सोडवून गाडीवर नेण्याचाही एकाने बेत लिहिला आहे. असे करू नये. त्या प्लेटा एकापुढे एक जोडून शेकडो व्होल्टवर पंप चालवतात. मधली एक काढली तर पंप बिघडतो, आणि उन्हात ती जोडणी उघडणे जिवाशी खेळ आहे. शिवाय त्या अनुदानातल्या आहेत, पंपासाठीच.

टपावर किती वीज मिळते?

१०० वॅटची प्लेट म्हणजे दिवसभर १०० वॅट, असे नाही. कोरड्या हंगामात आपल्याकडे पूर्ण जोराचे ऊन सुमारे पाच तासांचे धरावे. टपावर सपाट पडलेली, तापलेली, धूळ बसलेली प्लेट लक्षात घेता १०० वॅटमागे दिवसाला साडेतीनशे वॅट-तास मिळाले तर समाधान मानावे. जून ते सप्टेंबर निम्मे, आणि झडीच्या दिवसांत त्याहूनही कमी. म्हणजे आपल्या ३०० वॅट-तासांना उन्हाळ्यात १०० वॅट पुरते, पावसाळ्यासाठी २०० लागते. ३३० म्हणजे चैन झाली.

सपाट प्लेटला सूर्य डोक्यावर असला की लाभ जास्त. नवी मुंबईवर तो साधारण १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस बरोबर माथ्यावर येतो. जुलैत ढग त्याचा फायदा होऊ देत नाहीत. डिसेंबरात तो दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा दुपारी बारालाही सपाट प्लेटला त्याच्या तीन चतुर्थांशच जोर मिळतो.

प्लेट टपाला चिकटवून बसवू नये. खालून दोन-तीन इंच वारा खेळला पाहिजे. प्लेट जितकी तापेल तितकी वीज कमी देते, २५ अंशांवर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. उन्हात ती ६५ अंशांवर गेली तर सहावा हिस्सा तिथेच गेला. आणि सावली! ताडपत्रीचे टोक किंवा दोरखंडाची गुंडाळी एका कोपऱ्यावर आली तरी वीज निम्म्यावर येऊ शकते, कारण आतल्या चकत्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. ठिबकच्या नळीत तोंडाशीच कचरा अडकला की पुढच्या सगळ्या झाडांचे पाणी तुटते, तसे हे.

जुईनगरला उभे राहणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे. दिवसा माल उतरवून गाडी लावायची तर माणूस झाडाची नाही तर इमारतीची सावली बघतो, आणि प्लेटला पाहिजे ऊन. दोघांचे पटणार कसे? उपाय असा, की टपावरच्या प्लेटशिवाय दुसरी, त्याच व्होल्टची छोटी प्लेट लांब वायरीवर ठेवावी. गाडी सावलीत, प्लेट उन्हात. नजर मात्र ठेवावी लागते, नाहीतर प्लेट दुसऱ्याच्या उन्हात जाईल.

वायर, फ्यूज आणि आग

या भागावर दुकानदार बोलत नाही, कारण त्यात त्याला फारसे मिळत नाही. घरची वीज २३० व्होल्टची, तिच्यावर १०० वॅटला अर्धा अँपिअरही लागत नाही. १२ व्होल्टवर त्याच १०० वॅटला ८ अँपिअर लागतात. म्हणून घरातली उरलेली वायर गाडीत चालत नाही. २० अँपिअरची धार पाच मीटर लांब न्यायची असेल तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन सुमारे १.४ व्होल्ट गळतात, कंट्रोलर १४.४ देतो आणि बॅटरीला मिळतात १३. बॅटरी मग कधीच पूर्ण भरत नाही, आणि अर्धपोटी बॅटरी लवकर मरते. १० चौरस मिलिमीटरच्या वायरीत तीच गळती पाव-अर्ध्या व्होल्टच्या मध्ये येते. म्हणून कंट्रोलर बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. लांबची वायर प्लेटपासून कंट्रोलरपर्यंत असू द्यावी.

फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात हवाच. ज्या वायरीला फ्यूज नाही ती गाडीच्या धक्क्यांनी पत्र्यावर घासली, की लाल होऊन पेट घेते, आणि वर तुम्ही झोपलेले. १० चौरस मिलिमीटरच्या वायरीला ४० अँपिअरचा फ्यूज ठीक. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरीला रबराची कडी घालावी. काम करताना हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी.

जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग प्लेट. सोडवताना उलट, आधी प्लेट. हा क्रम चुकला तर कंट्रोलर जातो.

शिसे-आम्लाची बॅटरी भरताना पेट घेणारा वायू सोडते. ती झोपायच्या जागेत बंद पेटीत ठेवू नये. पेटीला बाहेर वारा जाईल असे भोक हवे. केबिनमध्ये देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावणारे बरेच आहेत. बॅटरी तिथे नसेल याची खात्री करावी, आणि विडीबद्दल वेगळे सांगायला नको. कोणतीही बॅटरी इंजिनाच्या धगीत ठेवू नये. खाडीच्या खाऱ्या हवेने टोकांवर हिरवट-पांढरा थर येतो; तो सोडा-पाण्याने पुसून व्हॅसलीन लावावे.

गाडीची बॅटरी गाडीसाठीच

पंख्याची बॅटरी आणि सेल्फची बॅटरी रात्री एकमेकींपासून तुटलेल्या पाहिजेत. श्रावणातली ती पहाट यानेच टळली असती. गाडी चालताना डायनॅमोकडून दुसरी बॅटरीही भरावी, असे वाटत असेल तर मध्ये रिले बसवावा, जो इंजिन बंद होताच दोन्ही वेगळ्या करतो. दुसरी बॅटरी लिथियमची असेल तर नुसता रिले चालत नाही. ती एकदम इतकी वीज ओढते की डायनॅमो तापतो. तिथे डीसी टू डीसी चार्जर लागतो.

मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. त्यातल्या एकीवरूनच टेप आणि पंखा चालवण्याची ड्रायव्हर मंडळींची जुनी खोड आहे. एक रोज उपाशी राहते, दुसरी जास्त भरून उकळते, आणि दोन्ही अकाली जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावावा.

गाडीच्या मूळ बांधणीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे. सांगाडा जोडून उंची वाढवण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमावाल्याकडे विचारून घ्यावे. ३३० वॅटची प्लेट वीस किलोच्या वर भरते आणि दोन मीटर लांब असते. घाटात ती सुटली तर मागच्या माणसाच्या अंगावर जाते. म्हणून आरपार बोल्ट आणि लॉक नट. नुसती दोरी किंवा चिकटपट्टी नको.

आमच्या श्रोत्यांनी शेवटी काय केले? दोन्ही बॅटऱ्या काढल्या. ६० अँपिअर-तासाची एक लिथियम, ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर आणि जाड वायरी टाकल्या. ३३० ची प्लेट आणलीच होती, ती तशीच ठेवली. जुन्या बॅटऱ्या दुकानात परत देऊन मोड म्हणून पैसे घेतले. जुन्या बॅटऱ्या परत घेणे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे उत्पादकांवर बंधनकारक आहे, तेव्हा भंगारवाल्याला देऊन शिसे आणि आम्ल ओढ्यात जाऊ देऊ नये. १०० वॅटची जुनी प्लेट आणि साधा कंट्रोलर यांची जोडी आता त्यांच्या गोठ्यावर आहे. तिथे एक लहान बॅटरी, दोन दिवे आणि दोन गाई.